खोली खाली करणे आहे

आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत रिकाम्याला 'खाली' म्हणतात. घडा खाली झाला, बस खाली गेली, खोली खाली करा. एम.ए.ची पदवी घेऊन मी कॉलेजात मराठी शिकवू लागलो तेव्हा पुण्याकडून आलेल्या एका सहकाऱ्याने हे शेवटचे वाक्य ऐकले आणि "म्हणजे ती आधी वरच्या मजल्यावर होती की काय?" असे मला विचारले. तेव्हा आम्ही दोघेही पोट धरधरून हसलो होतो. परंतु यंदाच्या ज्येष्ठात तेच वाक्य एका बाईला ऐकवण्याची पाळी माझ्यावरच आली, त्या वेळी मात्र हसू आले नाही.

त्याचे असे झाले. आमचे घर चिखल्याला. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, गोबरवाहीच्या बाजूला, मँगनीजच्या खाणीमुळे ओळखले जाणारे हे गाव. गेल्या वर्षी वडील वारले. आई त्याआधीच गेली होती. मी तुमसरला राहतो, दादा नागपूरला, ताई बालाघाटला. तेव्हा बंद घराला कुलूप लावून पावसाळ्यागणिक कवेलू फेरत बसण्यापेक्षा ते विकावे, असे तिघांनी ठरवले. गिऱ्हाईकही चालून आले. त्याची अट एकच होती : मागची खोली रिकामी करून हवी.

मागच्या खोलीत एक बाई राहतात. आम्ही त्यांना काकी म्हणतो. २०११ साली त्या मुलाचे बोट धरून आल्या, शिलाई मशीन भिंतीशी लावले आणि राहिल्या. मुलगा आता मोठा होऊन ठेकेदाराकडे मजुरीला जातो. चौदा वर्षे झाली. मी त्यांना गिऱ्हाइकाची अट सांगितली तेव्हा त्या रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. मशीनवरचा ब्लाऊज बाजूला ठेवून म्हणाल्या, "कवा खाली करू तेवढं सांगून द्या जी, भाऊ. पोराच्या पाळीच्या हिशेबानं सामान हलवावं लागते."

वाचकहो, भांडखोर भाडेकरू परवडला. त्याच्याशी वाद घालता येतो, कायद्याची पुस्तके काढता येतात. 'कधी निघू?' एवढेच विचारणाऱ्या भाडेकरूने माझी झोप उडवली. कारण हा प्रश्न मी आमच्याच घरात पूर्वी एकदा ऐकला होता.

वडील खाणीत हजेरी मांडण्याच्या कामावर होते. माझा जन्म खाणीच्या क्वार्टरात झाला. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे अंगण आणि अंगणात आईची तुळस. भोंगा झाला की दूध तापायचे, भोंगा झाला की आम्ही शाळेला निघायचे. त्या घराला आम्ही 'आपले घर' म्हणत असू. ते आपले नव्हते, हे २००४ साली कळले. वडील निवृत्त झाले आणि नियमाप्रमाणे क्वार्टर सोडायची मुदत लागली. यात कोणाचा दोष होता असे नाही. आमच्यामागे त्या क्वार्टरसाठी दुसरा एक कामगार ताटकळत होता; त्याचे नवे लग्न झाले होते आणि तो भावाच्या घरी पडवीत बिऱ्हाड मांडून राहत होता. घर नोकरीबरोबर आले होते, नोकरीबरोबर गेले. वडिलांनी साऱ्या साहेबांना एकच प्रश्न विचारला, "कधी निघू?" आईने तुळस कुंडीत उपटून घेतली, ती गावातल्या नव्या घरी रुजली नाही. एवढीच काय ती हानी. पण सदतीस वर्षे हजेरी मांडणाऱ्या माणसाची स्वतःची हजेरी कोणत्याही भिंतीवर उरली नाही, ही गोष्ट ते शेवटपर्यंत विसरले नाहीत.

आता थोडे इतिहासाकडे वळू. या भागातल्या मँगनीजच्या धंद्याची पाळेमुळे १८९६ पर्यंत जातात. त्या वर्षी ब्रिटिश भांडवलावर जी कंपनी निघाली तीच पुढे सी. पी. मँगनीज ओर कंपनी म्हणून नावारूपाला आली. १९६२ साली 'मॉइल' स्थापन झाली. तिचे ५१ टक्के भांडवल भारत सरकार आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांकडे आले, ४९ टक्के जुन्या कंपनीकडे राहिले. १९७७ साली तेही सरकारने घेतले. २०१० च्या डिसेंबरात तिचे काही शेअर बाजारात आले. म्हणजे मालकी इंग्रजांकडून सरकारकडे गेली, आणि तिचा काही हिस्सा पुढे शेअरबाजारात पोचला. या साऱ्या काळात क्वार्टरात राहणाऱ्या माणसाचे त्या घराशी असलेले नाते काय होते? नोकरी आहे तोवर घर आहे. मालक साहेब असो, सरकार असो. चुलीजवळ बसलेल्या बाईला त्याचा फरक कळला नाही. हा मुद्दा ध्यानात असू द्या, कारण पुढे त्याच्यापाशी परत यायचे आहे.

गिऱ्हाइकाला होकार कळवण्याच्या आधीच्या त्या दिवसांत एक बातमी मला राहून राहून आठवत होती. बातमी होती स्पेनमधल्या बार्सिलोना शहराची. तेथे 'कासा ओरसोला' नावाची एक जुनी इमारत आहे. २०२१ साली एका गुंतवणूक कंपनीने ती विकत घेतली आणि भाडेकरूंचे करार संपतील तसतसे ते पुन्हा करून देण्याचे नाकारले. २०२५ च्या जानेवारीअखेर तेथील एका शिक्षकाला घराबाहेर काढायला सरकारी माणसे यायची होती. शेकडो लोक दारापुढे जमले, कारवाई लांबली. आणि फेब्रुवारीत काय व्हावे? शहराच्या नगरपालिकेने एका गृहनिर्माण प्रतिष्ठानाला बरोबर घेऊन ती सबंध इमारत ९२ लाख युरोंना विकत घेतली! मालक बदलला, भाडेकरू राहिले. तो भाडेकरू शिक्षक होता म्हणून की काय, मला ती बातमी फारच जवळची वाटली.

ही कल्पना युरोपात अगदीच नवी नाही. व्हिएन्नाच्या पालिकेने गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत स्वतःच हजारो घरे बांधून ती भाड्याने दिली आणि आजही ती पालिका युरोपातल्या मोठमोठ्या घरमालकांत मोडते. बर्लिनमध्ये तर ठरावीक वस्त्यांत मालक इमारत विकायला निघाला, की गिऱ्हाइकाच्या जागी पालिका उभी राहून तीच किंमत मोजू शकत असे. तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०२१ च्या नोव्हेंबरात हा अग्रहक्क बराच आखडून टाकला, ही गोष्ट वेगळी.

तुम्ही म्हणाल, 'मास्तर, युरोपातल्या गोष्टी युरोपात ठेवा. आपल्याकडे कोण कोणाचे घर विकत घेऊन भाडेकरूला ठेवतो?' तर वाचकहो, हा प्रयोग आपल्याच राज्यात, आपल्याच राजधानीत होऊन गेला आहे, आणि त्याची कहाणी बार्सिलोनापेक्षा कमी नाट्यपूर्ण नाही.

पेपर तपासणीच्या किंवा चर्चासत्राच्या निमित्ताने मुंबईला गेलो की मी गिरगावात एका जुन्या मित्राकडे उतरतो. चाळीचा लाकडी जिना चढताना तो नेहमी बजावतो, "कठड्याला हात लावू नकोस." घराचे भाडे विचाराल तर त्या पैशात दोघांचा चहाही होणार नाही. हे असे का? १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच मुळात 'प्रमाण भाडे' म्हणून धरले. महायुद्धाच्या टंचाईत आणि फाळणीच्या लोंढ्यात भाडेकरू रस्त्यावर येऊ नये, हा हेतू उत्तमच होता. पण वर्षे उलटली, सिमेंट महागले, गवंड्याची मजुरी वाढली आणि भाडे मात्र तिथल्या तिथे गोठून राहिले. मालकाने डागडुजी सोडली. भाडेकरूला कोणी हलवू शकत नव्हते. पण त्याच्या डोक्यावरचे तुळवट मात्र हळूहळू कुजत होते.

तेव्हा सरकार मध्ये पडले. १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. जुन्या इमारतींवर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून त्यांची दुरुस्ती करायची, ही त्याची योजना. त्या वेळी मोजलेल्या उपकरप्राप्त इमारतींची संख्या होती १९,६४२. पुढे १९७६ च्या कायद्याने म्हाडा आली व हे मंडळ तिच्यात सामावले. आणि १९८६ साली त्या कायद्यात आठ-अ हे प्रकरण घालण्यात आले. आपल्या विषयाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून अर्ज केला, तर मंडळाने ती इमारत मालकाकडून संपादन करावी आणि रहिवाशांच्या संस्थेच्या स्वाधीन करावी. मालकाला मोबदला किती? मासिक भाड्याच्या शंभर पट.

या शंभर पटीचा जरा हिशेब करून पाहा. एका खोलीचे भाडे महिना दहा रुपये असेल तर मालकाच्या हाती त्या खोलीपोटी पडणार एक हजार रुपये. मुंबईत! भाडेकरूला हे वरदान वाटले, मालकाला दरोडा वाटला. मालक मंडळी न्यायालयात गेली. १९९१ साली उच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि एका खंडपीठाकडून दुसऱ्या मोठ्या खंडपीठाकडे असे फिरत फिरत अखेर नऊ न्यायमूर्तींपुढे पोचले. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे तेहेतीस वर्षांनी, बहुमताने निकाल आला : सगळीच खाजगी मालमत्ता ही 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' असे सरसकट म्हणता येणार नाही, काही मालमत्ता तिच्यात मोडू शकेल, परंतु ते तिच्या स्वरूपावर, तिच्या दुर्मिळतेवर आणि समाजावर होणाऱ्या परिणामांवर पाहावे लागेल. खटला सुरू झाला त्या साली पाळण्यात असलेले मूल एव्हाना स्वतःच भाड्याचे घर शोधू लागले असेल!

मधल्या काळात काळ थांबला नव्हता. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की गोठवलेल्या भाड्याच्या जुन्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने दरसाल चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली. आणि ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली. ३३ माणसे गेली. त्यांना राहण्याचा हक्क होता. घर मात्र त्यांच्याआधी खचले.

याच्या उलट एक आनंदाची बाजूही सांगितली पाहिजे. इंग्रजी अमदानीत १९२० नंतरच्या काळात सरकारनेच वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे बीडीडी चाळी बांधल्या. एकशेसाठ चौरस फुटांची एकेक खोली. मालक सरकार, राहणारे गिरणी कामगार, पोलीस, शिपाई. चार पिढ्या त्या खोल्यांतून गेल्या. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या ५५६ कुटुंबांना त्याच जागी पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. भाडेकरू त्याच जमिनीवर राहिला, आणि घराचा मालक झाला.

आता माझ्या चिखल्याच्या मुद्द्याशी येतो. या सगळ्या गोष्टींवरून माझ्या मास्तरी बुद्धीला एकच गोष्ट उमगली. घर सरकारने घेतले की भाडेकरू वाचला, असे नाही. आमची क्वार्टर सरकारच्याच कंपनीची होती. तरी राहण्याचा हक्क नोकरीपुरताच होता. मुंबईच्या चाळीत राहण्याचा हक्क पोलादासारखा होता. पण डागडुजी कोणी करायची याचा पत्ता नव्हता. आठ-अ प्रकरणात हक्कही होता, डागडुजीची वाटही होती. पण मालकाला दिलेला मोबदला असा होता की भांडण तीन दशके चालले. राहणाऱ्याचा हक्क, घराची निगा आणि देणाऱ्याला रास्त दाम, या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर याव्या लागतात. एक राहिली तरी तिवई कलंडते. बार्सिलोनाच्या त्या खरेदीचे मला कौतुक वाटले ते एवढ्यासाठीच, की निदान विकणाऱ्याला त्याचा दाम मिळाला आणि राहणारा राहिला. निगा कशी राहते ते पुढची वर्षे सांगतील.

विचार छान झाला. पण काकींची खोली?

एके दिवशी मी वडिलांच्या पेटीतल्या वह्या चाळत होतो. हजेरीबाबू तो! भाड्याचीही हजेरी मांडलेली. २०११ साली महिना तीनशे. २०१७ साली पाचशे. त्यानंतर वाढ नाही. मधल्या एका पानावर चार महिने कोरे, आणि समोर वडिलांच्या वळणदार अक्षरात दोनच शब्द : 'मशीन बिघडली.' ते चार महिन्यांचे भाडे पुढे कोठेही मागितलेले दिसले नाही. पावती मात्र एकही फाडलेली नव्हती. जन्मभर दुसऱ्याच्या घरात राहिलेला माणूस मालक झाल्यावर उदार झाला. पण ज्या कागदाअभावी तो स्वतः बेघर झाला होता, तो कागद भाडेकरूला द्यायचे त्यालाही सुचले नाही. आज उद्या नवा मालक 'ही बाई इथे कधीपासून?' म्हणाला, तर दाखवायला या वहीपलीकडे काही नव्हते.

वही घेऊन मी ग्रामपंचायतीत गेलो. पंचायतीने खोली विकत घ्यावी, असे भाबडे म्हणणे घेऊन गेलो, हे कबूल करतो. तेथल्या माणसाने ते हसण्यावारी नेले नाही. तो म्हणाला, "सर, पंचायत खोली नाही घेत. पण बाईचं नाव घरकुलाच्या यादीत हाय ना?" होते. घरकुलाच्या यादीत नाव होते, पण घर बांधायला जागा नव्हती, म्हणून ते तसेच पडून होते. अशांसाठीच राज्य सरकारची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर, एम.ए. होऊनही, त्या दिवशी कळले. पाचशे चौरस फुटांपर्यंत जागा विकत घ्यायला मदत. २०१५ साली ती पन्नास हजारांपर्यंत होती, पुढे लाखापर्यंत वाढवली. म्हणजे बार्सिलोनात पालिका घर घेते. आमच्याकडे सरकार भाडेकरूच्या हाती पैसे देऊन म्हणते, 'तूच घे.' मार्ग निराळा, पण मुक्काम तोच.

काकींची खोली आणि तिच्यापुढचे अंगण मोजले. साडेचारशे चौरस फूट भरले. गिऱ्हाइकाने साऱ्या जागेचा जो दर सांगितला होता, त्या हिशेबाने तेवढ्या तुकड्याचे एक लाख साठ हजार होत होते. मिळणार फार तर लाख. साठ हजारांची तूट.

दादाला फोन केला. तो चिडला, आणि त्याचे चिडणे खोटे नव्हते. मुलीच्या इंजिनीअरिंगचे कर्ज त्याच्या डोक्यावर आहे. तो म्हणाला, "तुझं वाचन तुझ्यापाशी ठेव. माझ्या वाट्याचे वीस हजार तू कोणत्या पुस्तकातून देणार?" रास्त दामाचा मुद्दा मी मुंबईच्या मालकांविषयी मोठ्या ऐटीत मांडला होता; तो माझ्याच घरात माझ्या सख्ख्या भावाने माझ्यासमोर ठेवला. ताई फोनवर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आईची तुळस आठवते का रे? मला माझ्या वाट्यातले नकोत." दादाचे वीस हजार मी दिवाळीच्या बोनसात नाही, पण हप्त्याहप्त्याने देईन असे ठरले. गिऱ्हाईक पुढची जागा घ्यायला राजी झाले. त्याने थोडा दर पाडून मागितला, तो आम्ही पाडला.

प्रस्ताव पंचायत समितीकडे गेला आहे. मंजुरी येईल तेव्हा खरी. खरेदीखत भाऊबीजेनंतर, गावची मंडई आटोपली की तुमसरच्या निबंधक कचेरीत करायचे आहे. तोवर काहीही होऊ शकते, हे मी जाणतो. सरकारी कागदाला पाय असतात, पण ते नेहमी पुढेच चालतात असे नाही. गावात आणखी कितीतरी खोल्यांत कितीतरी काकी आहेत, त्यांच्या घरमालकांच्या पेटीत अशी वही असेलच असेही नाही. एका घराने प्रश्न सुटला असे म्हणण्याइतका मी भाबडा राहिलेलो नाही. एवढेच म्हणतो, की आपल्यापैकी ज्यांच्या मागच्या खोलीत कोणी राहत असेल, त्यांनी ती विकायला काढण्यापूर्वी एकदा पंचायतीत जाऊन यावे. आणि तोवर निदान भाड्याची पावती द्यावी.

परवा चिखल्याला गेलो तेव्हा काकींनी पाचशेची नोट पुढे केली. मी म्हटले, "काकी, आता कसलं भाडं? दोन महिन्यांत जागा तुमच्या नावावर होईल."

"होईल तवा होईल जी," त्या म्हणाल्या. "तवापर्यंत मी भाडेकरूच हाय. पावती द्या."

मी खिशातला पेन काढला आणि आमच्या घराण्यातली पहिली पावती लिहिली.